इमारतीचे थ्रीडी व्ह्यू आणि रेंडर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात, नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून आम्ही आर्किटेक्टांसाठी, बिल्डरांसाठी आणि अलीकडे जास्त करून रीडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्यांसाठी इमारतींची चित्रं काढतो. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहिली. ज्यांच्या हातात आत्ता ब्रोशर आहे त्यांनी थेट प्रश्न ५ वर जावं. कायद्याचं जे लिहिलंय ते आमच्या कामात लागतं तेवढंच. भांडण पुढे जाणार असेल तर वकील गाठा.

१. रेंडर म्हणजे काय? थ्रीडी, व्ह्यू, एलिव्हेशन, वॉकथ्रू हे सगळं एकच का?

बोलताना एकच, कामात वेगवेगळं. आधी प्लॅनवरून कॉम्प्युटरमध्ये भिंती, स्लॅब, खिडक्या मापात उभ्या करतात, ते थ्रीडी मॉडेल. त्या मॉडेलमध्ये एका जागी कॅमेरा ठेवून, उजेड आणि साहित्य ठरवून जे चित्र काढतात ते रेंडर. आपल्याकडे त्यालाच व्ह्यू म्हणतात. कॅमेरा चालवत नेला की वॉकथ्रू. एलिव्हेशन हे खरं तर ड्रॉइंग आहे : इमारतीची एक बाजू समोरून, सपाट, मापात, जवळचं मोठं आणि लांबचं लहान असा भेद न करता. पण "एलिव्हेशनचं थ्रीडी पाठवा" असा मेसेज आला की आम्ही काही न बोलता रस्त्यावरून दिसणारा व्ह्यू पाठवतो. आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

२. प्लॅन हातात आहे. मग चित्र कशाला हवं?

प्लॅन म्हणजे इमारत कमरेच्या जरा वर आडवी कापून वरून बघितलेली. ते वाचणं शिकून येतं आणि बहुतेकांना ते कोणी शिकवलेलं नसतं. सभेत "प्लॅन कळला ना?" असं विचारलं की सगळे माना डोलावतात, कारण "नाही" म्हणायला संकोच वाटतो.

पाचपाखाडीतल्या एका सोसायटीचा प्लॅन तीन महिने नोटीस बोर्डावर होता. कोणी हूं की चूं केलं नाही. मग सभेत आम्ही स्वयंपाकघराचा व्ह्यू दाखवला. ओट्यावर सकाळचं कोवळं ऊन, स्टीलचे डबे चमकतायत. पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "हे ऊन येतंय कुठून? खिडकीबाहेर आहे काय?" आर्किटेक्टने प्लॅन उघडला, खिडकीवर बोट ठेवलं आणि गप्प झाला. बाहेर डक्ट होता, म्हणजे पाइप जाणारी अरुंद उभी पोकळी. समोर पाच फुटांवर भिंत. आम्ही ती भिंत मॉडेलमध्ये उभीच केली नव्हती, कारण चित्रात दिसणार नव्हती. बाहेर मोकळं आकाश, त्यामुळे ऊन आत.

चूक आमची होती आणि ती चारचौघांत कबूल करावी लागली. पण त्या चुकीपायी तीन महिने न निघालेला विषय निघाला. त्या बाजूच्या सगळ्या फ्लॅटांची स्वयंपाकघरं डक्टवर उघडत होती. पुढच्या प्लॅनमध्ये बाथरूम डक्टकडे गेलं आणि ओटा बाहेरच्या भिंतीला आला. चित्र पटवण्यासाठी असतं असं लोक समजतात. आमच्या मते समोरच्याला वेळेत "नाही" म्हणता यावं, हा त्याचा सगळ्यात मोठा उपयोग.

३. चित्र कॉम्प्युटरच काढतो ना? मग आठवडा आणि एवढे पैसे कशाचे?

उजेडाचा हिशोब कॉम्प्युटर करतो, बाकी माणूस. प्रकाशकिरण वस्तूंवर आपटून कसा परततो ते मोजत चित्र काढायची आजची पद्धत टर्नर व्हिटेड यांच्या १९८०च्या शोधनिबंधापासून रूढ झाली. १९८६मध्ये जेम्स काजिया यांनी त्यामागचं समीकरण मांडलं. आज व्ही-रे, कोरोना, ब्लेंडरमधलं सायकल्स ही रेंडरची सॉफ्टवेअर त्याच वाटेने जातात. लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन झटपट चित्र देतात, थोडी चलाखी करून.

आठवडा जातो तो त्याआधी. ड्रॉइंगमध्ये खिडकी चार फूट, सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) साडेतीन, खरी कुठली? हे विचारायला फोन, उत्तर यायला दोन दिवस. ग्रॅनाइट "काळसर" म्हणजे कुठला?

वॉकथ्रूचा हिशोब निराळाच. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एका मिनिटाला १,५००. प्रत्येकाला पाच मिनिटं धरली तरी १२५ तास. एक मशीन पाच दिवस रात्रंदिवस चालू. त्यात कोणी "लॉबीची फरशी बदला" म्हणालं की लॉबीचा भाग परत पहिल्यापासून. म्हणून वॉकथ्रूला हात घालण्याआधी आम्ही स्थिर चित्रांवर सही घेतो.

४. आर्किटेक्टने पांढऱ्याशुभ्र मॉडेलचे व्ह्यू पाठवलेत. काम अर्धवट आहे का?

नाही, उलट शहाणपणाचं आहे. रंग, लाकूड, काच काढून टाकली की फक्त आकार आणि उजेड उरतो. सुरुवातीलाच हुबेहूब चित्र दाखवलं तर कमिटी सोफ्याच्या रंगावर पाऊण तास बोलते आणि जिना कुठे आहे ते कोणी बघत नाही. शिवाय चकचकीत चित्र बघितलं की माणसाला वाटतं सगळं ठरून गेलंय, आता काय बोलायचं. बदल करायचे तर याच टप्प्यावर सुचवा.

५. ब्रोशरमधली खोली एवढी मोठी कशी दिसते?

तीन युक्त्या केलेल्या असतात. पहिली, रुंद लेन्स. १८ किंवा २० मिलिमीटरच्या लेन्सने समोरची भिंत लांब पळते. दुसरी युक्ती खऱ्या फोटोग्राफरला जमतच नाही : मॉडेलमधली पाठीमागची भिंत लपवून कॅमेरा थेट शेजाऱ्याच्या हॉलमध्ये नेऊन ठेवता येतो. तुम्ही बेडरूम बघताय ती शेजारच्या घरात उभं राहून. तिसरी, फर्निचर बारीक करणं. सहा फुटी पलंगाऐवजी पाच फुटी, कपाट दोन फुटांऐवजी दीड फूट खोल.

पकडायचं कसं? फरशा मोजा. टाइल बहुधा दोन फूट बाय दोन फूट असते. तिच्यावरून खोलीची लांबी-रुंदी काढा आणि प्लॅनवरच्या आकड्याशी ताडून बघा. टाइल दिसत नसेल तर दरवाजा धरा : उंची सात फूट, बेडरूमचा दरवाजा साधारण तीन फूट रुंद. पलंग त्याच्या दुप्पट रुंद दिसायला हवा.

मग कागदावर स्वतः मांडून बघा. दहा बाय दहाची बेडरूम. सहा बाय साडेसहाचा पलंग, उशाची बाजू भिंतीला. पायथ्याशी साडेतीन फूट उरले. तिथे दोन फूट खोल कपाट ठेवलं की चालायला दीड फूट, आणि कपाटाचं दार पूर्ण उघडायचं तर पलंगावर चढून बसायचं. चित्रात मात्र त्याच जागी एक आरामखुर्ची आणि उंच दिवा असतो.

६. चित्रातलं ऊन खरं असतं का?

खरं असू शकतं. सॉफ्टवेअरमध्ये गाव, तारीख आणि वेळ टाकली की सूर्य बरोबर जागी येतो. बहुतेक वेळा तसं न करता "छान दिसेल" तिथे सूर्य टांगलेला असतो. म्हणून कुठलंही चित्र बघताना तीनच गोष्टी विचारा : उत्तर कुठे, तारीख कुठली, किती वाजलेत.

ठाणं १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर आत येतं आणि उत्तरेच्या भिंतीला दिवसभर सूर्य दिसत नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मात्र उलटं. मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, २१ जूनला चारेक अंश. त्यातला बराच काळ ढगच असतात ती गोष्ट वेगळी. तेव्हा उत्तरमुखी टॉवरच्या दर्शनी भागावर डिसेंबरातली सोनेरी संध्याकाळ पसरलेली दिसली, तर ते ऊन ठाण्यातलं नव्हे.

घर घेणाऱ्याने आवर्जून मागावा असा एक व्ह्यू सांगतो, जो कोणी आपणहून देत नाही : पश्चिमेकडची बेडरूम, १५ मे, संध्याकाळचे पाच. कलत्या उन्हाला आडवा छज्जा अडवत नाही. ते चित्र बघून एसीचा अंदाज येतो, पडद्यांचाही.

७. शेजारच्या इमारती, एसीचे डबे, वाळत घातलेले कपडे चित्रात का नसतात?

कारण गिऱ्हाइकाला ते नको असतं. घोडबंदर रोडवरच्या प्रकल्पाच्या चित्रात समोर तीन गाड्या असतात, त्याही ओळीत. मागे येऊरचे डोंगर जरा जवळ ओढून घेतलेले. पोडियमवर (टॉवरखालच्या पार्किंगच्या गच्चीवर) तीस फुटी झाडं, जी तेवढी व्हायला कित्येक वर्षं लागतील, आणि स्लॅबवर किती खोल माती मिळणार यावर ती तेवढी होतील की नाही हेही ठरेल. पावसाळा तर कुठल्याच चित्रात नसतो. आपल्याकडे चार महिने भिंतींवर ओघळ उतरतात, प्लास्टर काळं पडतं, गॅलरीवर पत्रे चढतात. आम्ही एकदा हौसेने भर पावसातला व्ह्यू केला होता. आर्किटेक्टला फार आवडला, बिल्डरने उघडूनही बघितला नाही.

पण एसी आणि कपडे हा डिझाइनचा प्रश्न आहे. आउटडोअर युनिट कुठे बसणार, ड्राय बाल्कनी आहे का, ग्रिल लावायची तर कुठल्या नमुन्याची, हे चित्रात नसेल तर बहुधा प्लॅनमध्येही विचारात घेतलेलं नसतं. राहायला गेल्यावर जो तो आपापली सोय लावतो आणि दोन वर्षांत चित्रातली इमारत ओळखू येत नाही.

सीबीडी बेलापूरला सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट्स व्हिलेज एकदा फिरून या. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी केलेली ही वसाहत. सात घरांचा एक पुंजका, मध्ये साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन पुंजके मिळून एक मोठं अंगण. घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत, भिंती सामाईक नाहीत, कारण प्रत्येकाने पुढे ऐपतीप्रमाणे वाढवावं असाच बेत होता. लोकांनी वाढवलंही, इतकं की मूळ घर शोधावं लागतं. हे डिझाइन एका चकचकीत चित्रात सांगताच येणार नाही. त्याला पहिल्या दिवसाचं, पाच वर्षांनंतरचं आणि पंचवीस वर्षांनंतरचं अशी चित्रांची माळच लागेल. आम्हाला असं काम अजून कोणी दिलेलं नाही. दिलं तर आनंदाने करू.

८. चित्राखाली बारीक अक्षरात "कलाकाराची कल्पना" छापलं की बिल्डर सुटतो का?

आपोआप नाही. २०१६च्या रेरा कायद्यात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्यात, जाहिरातीची व्याख्या रुंद आहे, कुठल्याही माध्यमातली प्रसिद्धी तीत येते. कलम १२ सांगतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाने (म्हणजे बिल्डरने) भरपाई द्यायची. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत.

आमचं मत असं : ती बारीक ओळ सोफा, पडदे, गाड्या आणि आकाशातले पक्षी यांना पुरते. पूल, क्लबहाउस, बाल्कनीची लांबी, दोन टॉवरमधलं अंतर यांना ती पुरू नये. बुकिंगच्या दिवशीचं ब्रोशर आणि चित्रं तारखेसकट जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली असतील तर चॅट पुसू नका. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक लागतो आणि महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तो स्कॅन करून महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) नोंदीतला मंजूर प्लॅन उघडा आणि चित्र त्याच्या शेजारी धरा. पाच मिनिटांचं काम आहे.

९. बुकिंगनंतर इमारतीचं रूपच बदललं. चालतं का?

रेराच्या कलम १४ प्रमाणे इमारत मंजूर नकाशांनुसारच बांधायची. तुमच्या फ्लॅटमध्ये बदल करायचा तर तुमची पूर्वसंमती हवी. इमारतीच्या बाकी भागात किंवा सामाईक जागांत करायचा तर प्रवर्तक सोडून किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी पूर्वसंमती. अपवाद किरकोळ बदलांचा : रचनेच्या किंवा बांधकामाच्या कारणासाठी अधिकृत आर्किटेक्ट-इंजिनीअरने सुचवलेले आणि रीतसर कळवलेले. "किरकोळ" कशाला म्हणायचं यावरच भांडणं होतात. चित्रात होतं पण मंजूर नकाशात कधीच नव्हतं, असं असेल तर कलम १४ नव्हे, प्रश्न ८ बघा.

१०. रीडेव्हलपमेंटसाठी तीन बिल्डरांनी तीन चित्रं आणली. तुलना कशी करायची?

तशीच करू नका. एकाने संध्याकाळ दाखवलेली असते, दुसऱ्याने ड्रोनच्या उंचीवरून, तिसऱ्याने समोरची चाळ पुसून बाग लावलेली असते. सोसायटीने आधीच एका कागदावर अट लिहून द्यावी : सगळ्यांनी हेच चार व्ह्यू द्यायचे. एक, गेटसमोरच्या फुटपाथवरून, डोळ्यांच्या म्हणजे पाच-सव्वापाच फूट उंचीवरून. दोन, हॉल, खोलीच्या आत उभं राहून. तीन, स्वयंपाकघर, खिडकीबाहेर जे आहे त्यासकट (का, ते प्रश्न २ मध्ये). चार, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बाहेर बघताना. शेजारच्या इमारती खऱ्या उंचीच्या दाखवायच्या. चौथ्या व्ह्यूवर एक बिल्डर हमखास कुरकुरतो; त्याचं कारण त्यालाच विचारा.

११. महापालिकेच्या मंजुरीला रेंडर लागतं का?

मंजुरीचा शिक्का नकाशांवर बसतो. ठाणे आणि नवी मुंबईत इमारतीची उंची, सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), खोल्यांची मापं डिसेंबर २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीवर तपासली जातात. चित्र कितीही देखणं असलं तरी तिथे त्याला किंमत नाही. "प्लॅन पास झालाय, हे बघा" म्हणून कोणी रेंडर दाखवलं तर हसून नकाशा मागा.

१२. आकाशातून घेतलेला व्ह्यू कशासाठी असतो? तिथून तर कोणीच बघत नाही.

मोठ्या वसाहतीत रस्ते, टॉवर, मोकळी जागा यांचा मेळ तिथूनच कळतो, म्हणून तो हवा. पण इमारत कशी वाटेल ते त्यातून कळत नाही. नवी मुंबई विमानतळ हे हाताशी असलेलं उदाहरण. झाहा हदीद आर्किटेक्ट्सचं डिझाइन, कमळाची कल्पना. वरून घेतलेली चित्रं आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं बघितली. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. आता बॅगा घेऊन टॅक्सीतून उतरणाऱ्याला आख्खं कमळ दिसत नाही. त्याला दिसतात पाकळ्यांसारखे वर उमलत गेलेले खांब आणि छत. माझ्या मते तेच जास्त चांगलं आहे. म्हणून वरचा एक व्ह्यू असेल तर जमिनीवरचे निदान तीन मागा.

१३. एआय दोन मिनिटांत चित्र देतं. मग तुमच्याकडे कशाला यायचं?

"साधारण कसं वाटेल?" एवढंच विचारायचं असेल तर येऊ नका, एआय पुरेल. आम्हीही सुरुवातीला वापरतो. पण ते चित्र मापावरून काढलेलं नसतं. आम्ही एका २२ मजली टॉवरचं साधं रेंडर एआयला "जरा सजव" म्हणून दिलं. परत आलं ते झकास होतं, फक्त मजले २४ झाले होते, रिफ्यूज मजला (आग लागली तर आसऱ्यासाठी मोकळा ठेवलेला) नाहीसा झाला होता आणि एका बाल्कनीला दारच नव्हतं. सभेत कोणाच्या लक्षात आलं नसतं, हीच भीती. असं चित्र बाहेर द्यायचं तर ते एआयचं आहे हे सांगूनच द्या, आणि जाहिरातीत घालायच्या आधी प्रश्न ८ पुन्हा वाचा.

१४. मोबाइलवरचं रेंडर दाखवून कारागिराकडून काम करून घेतलं तर?

पीओपीवाला आणि सुतार दोघेही "कळलं, कळलं" म्हणतील आणि दोघांना वेगवेगळं कळलेलं असेल. रेंडरमध्ये माप नसतं. सीलिंग चार इंच खाली की सहा, ते चित्रावरून सांगता येत नाही; त्याला वर्किंग ड्रॉइंग लागतं. रंगाचं तर विचारूच नका. चित्रातल्या पिवळ्या दिव्याने पांढरी भिंत सायीसारखी दिसते, फोनच्या स्क्रीनने आणखी निराळी. शेडकार्डचा नंबर घ्या, भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा पट्टा मारून घ्या आणि तो सकाळी व रात्री दोन्ही वेळा बघा.

१५. पैसे आम्ही दिले, मग मॉडेलची फाइल का मिळत नाही?

कारण बहुतेकदा तुम्ही चित्र विकत घेतलेलं असतं, मॉडेल नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ड्रॉइंग ही कलाकृती धरली जाते आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं समजतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. फाइल हवी असेल तर काम देतानाच लिहून घ्या. किंमत वाढेल, पण नंतरची रुसारुशी टळेल.

१६. "तो बीम जरा काढून टाका" असं कोणी सांगितलं तर तुम्ही काय करता?

कॅमेरा हलवतो, बीम हलवत नाही. बीम येणार नाही असा कोन शोधणं आम्हाला मान्य आहे. मॉडेलमधून काढणं नाही.

सुरुवातीच्या वर्षांत एकदा काढला होता. हॉलमध्ये दीड फूट खाली उतरणारा बीम. वर्षाभराने एक गृहस्थ तेच चित्र हातात घेऊन ऑफिस शोधत आले. त्यांनी चित्रावरून छतापर्यंतचं टीव्ही युनिट आधीच करून घेतलं होतं, ते भिंतीला लागत नव्हतं. आवाज चढवला नाही, फक्त चित्र टेबलावर ठेवलं. ते युनिट आम्ही आमच्या सुताराकडून, आमच्या खर्चाने दीड फूट कापून दिलं. तेव्हापासून प्रत्येक व्ह्यूच्या उजव्या कोपऱ्यात, तो ज्या ड्रॉइंगवरून काढला त्याचा क्रमांक आणि तारीख छापतो. ती पुसून द्या असा निरोप महिन्यातून एकदा तरी येतो. पुसून देत नाही.